लाकडाचा आवाज, नावाची किंमत

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत शिरले की कारखान्यांच्या फाटकांशी लाकडी पॅलेटच्या उतरंडी रचलेल्या दिसतात. मालाच्या खोक्यांखाली घालायच्या, फोर्कलिफ्टचे दात आत शिरावेत म्हणून मध्ये फट ठेवलेल्या या फळ्या. मोडल्या की बहुधा जळणात जातात. अमेरिकेतील टेलर गिटार कंपनीच्या बॉब टेलर यांनी १९९५ साली अशाच टाकाऊ पॅलेटच्या लाकडातून एक गिटार बनवली. तिची पाठ आणि कडा पॅलेटच्या ओक लाकडाच्या. पुढची फळी कोणत्या झाडाची हेही ओळखता येत नव्हते, आणि तीही तुकडे जोडून केलेली. खिळ्यांची भोके त्यांनी लपवली नाहीत, उलट ती उठून दिसतील अशी भरली आणि गिटारच्या मानेवर फोर्कलिफ्टचे चित्र जडवले. चांगली गिटार दुर्मिळ लाकडातूनच होते या समजाला त्यांनी दिलेले हे उत्तर होते.

ही गोष्ट मला आठवली ती घरातल्या एका वादामुळे. बारावीतल्या माझ्या भाच्याने दोन वर्षे पैसे साठवले होते. आपली स्वस्तातली गिटार आणि मित्राकडून मागून आणलेली महागडी गिटार अशा दोन्ही समोर ठेवून त्याने विचारले, "मावशी, तू ध्वनीतलं शिकलेली आहेस. सांग, कुठल्या कंपनीचा आवाज चांगला?" मी डोळे मिटून गंभीरपणे ऐकले आणि महागडीचा आवाज भरदार असल्याचा निर्वाळा दिला. मग चष्मा लावून पाहिले, तर भाच्याच्या गिटारच्या तारा गंजून काळ्या पडलेल्या, आणि मित्राच्या आठवड्यापूर्वीच बदललेल्या! मी कंपन्यांची तुलना करत नव्हते, नव्या-जुन्या तारांची करत होते. शाळेतल्या मुलाने प्रयोगात एका वेळी दोन गोष्टी बदलल्या असत्या तर मी त्याचे गुण कापले असते.

दोन्ही गिटारींना एकाच बनावटीच्या नव्या तारा लावून मी भिंतीकडे तोंड करून बसले. दहा वेळांपैकी सहा वेळा माझी ओळख बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढी येऊ शकते.

गिटारचा आवाज येतो कुठून? बारीक तार एकटी फारच थोडी हवा हलवते. तिचे कंपन घोडीवाटे पुढच्या फळीत उतरते आणि फळी व पोटातली हवा मिळून ते आपल्यापर्यंत पोहोचवतात. मोठ्या गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्‌झच्या आसपास घुमते, फळीचा पहिला मोठा अनुनाद त्याच्या जवळपास दुपटीवर असतो. वर्गात गिटार असेल तर तिच्या भोकाशी तोंड नेऊन खालच्या पट्टीत 'ऊं' म्हणत स्वर हळूहळू वर न्यावा. एका स्वराला गिटार अंगभर थरथरते आणि हाताला ते कळते. म्हणून पुढची फळी हलकी आणि तरीही ताठ हवी. थंड प्रदेशातले स्प्रूस हे लाकूड तसे असते. फळीच्या आतून चिकटवलेल्या पट्ट्यांची रचनाही महत्त्वाची. पाठ आणि कडा यांचे काम त्या मानाने दुय्यम.

हे स्पेनचा कारागीर अंतोनिओ दे तोरेस याने फार पूर्वी ताडले होते. १८६२ साली त्याने एक गिटार बनवली. तिची पुढची फळी लाकडाची, पण पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या! ही गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तोरेसच्या बाकीच्या गिटारींच्या पाठी अर्थात लाकडाच्याच. कागदाची पाठ विकत कोण घेणार?

बाजाराने मात्र पाठीच्या लाकडालाच मोल दिले, आणि इथे आपली शिसव या गोष्टीत येते. मार्टिन ही अमेरिकेतील जुनी गिटार कंपनी. तिचा संस्थापक १८३३ मध्ये जर्मनीतून न्यूयॉर्कला आला. कंपनीच्या महाग गिटारींना ब्राझीलमधल्या शिसवीच्या पाठी असत. पुढे ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने घातली आणि १९६९ च्या सुमारास मार्टिन भारतीय शिसवीकडे वळली. म्हणजे सह्याद्रीत वाढणारी, आपल्या आजोळच्या झोपाळ्याची आणि देव्हाऱ्याची तीच काळपट जांभळी शिसव. दोन्ही झाडे डाल्बर्जिया या एकाच प्रजातीतली, सख्ख्या बहिणीच म्हणा. पण १९६९ पूर्वीच्या गिटारींना 'खऱ्या' शिसवीच्या म्हणून वेगळा भाव येऊ लागला. १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, तसा तो भाव आणखी चढला. २०१७ पासून तर डाल्बर्जियाच्या सगळ्याच जाती नियंत्रणाखाली आल्या. तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळायला २०१९ चा शेवट उजाडला. झाड तोडून संपत आले म्हणून त्याची किंमत वाढली, आणि किंमत वाढली म्हणून त्याचा आवाज 'गोड' ठरला, असे मला वाटते.

याची परीक्षा इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रॉजर बकनॉल या कारागिराने एकाच आराखड्याच्या सहा गिटारी बनवल्या. फरक फक्त पाठीच्या आणि कडांच्या लाकडाचा: ब्राझीलची शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, अक्रोड आणि सपेली. ५२ वादकांनी त्या मंद प्रकाशात, वेल्डरचे काळे चष्मे लावून वाजवल्या. डोळ्यांना लाकूड दिसेनासे झाले आणि सहाही गिटारींना आवाजासाठी जवळजवळ सारखेच गुण मिळाले. बंदी आलेल्या लाकडाला वेगळा मान मिळाला नाही.

यावरून सगळ्या गिटारी सारख्याच, असे मात्र म्हणता येणार नाही. इथे पुढची फळी आणि आराखडा एकच होता, हात एकाच कारागिराचे होते. आकार, फळीची जाडी, आतल्या पट्ट्या बदलल्या की आवाज बदलतो, आणि एकाच कंपनीच्या एकाच नमुन्याच्या दोन गिटारीही थोड्या वेगळ्या निघतात. पाटीवरचे नाव हातांविषयी फार थोडे सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिब्सन कंपनीच्या कॅलमझू येथील कारखान्यात बऱ्याच गिटारी स्त्रियांनी बनवल्या. ही गोष्ट कित्येक दशके फारशी कोणाला ठाऊक नव्हती. त्या गिटारींना आज संग्राहक मोठी किंमत देतात.

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. तो घराण्याचे नाव विचारतो, पण व्यवहार ठरतो जवारीवर. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो, तार त्याला निसटती टेकत कंपते आणि स्वरांचा तो झणकार उठतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या या घोड्यांवर शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडल्यावर काही उपस्वर उमटूच नयेत, तिथे छेडूनही ते जोरकस येतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. कारागीर कानस चालवून जवारी लावतो. तिचा दर्जा वाद्यावरच्या नावात नसतो.

गिटारचेही काहीसे असेच. महागड्या गिटारमध्ये भाच्याला खरा फरक जाणवला तो बोटांना. तिच्या तारा पट्टीच्या जवळ होत्या, दाबायला कमी जोर लागे. त्याच्या गिटारच्या घोडीवरची पट्टी एका दुरुस्तीवाल्याने घासून थोडी खाली आणून दिली. त्याला नव्या गिटारच्या किमतीचा फार छोटा हिस्सा लागला.

शाळेत दोन गिटारी मिळाल्या तर मुलांकडून ही परीक्षा जरूर करवून घ्यावी. तारा सारख्या, वाजवणारा एक, गत एक, क्रम नाणे उडवून ठरवलेला, आणि ऐकणारे पडद्याआड. एक अडचण मला मात्र सोडवता आलेली नाही. ऐकणाऱ्याचे डोळे बांधता येतात, पण वाजवणाऱ्याची बोटे गिटार ओळखतात, आणि आवडती गिटार हाती आली की भाचा नकळत जोरात वाजवतो. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. माझ्या दहापैकी सहा उत्तरांत या जोराचा वाटा किती, ते तपासायला पुढच्या रविवारी आवाजाची पातळी मोजणारे यंत्र घेऊन बसायचे ठरले आहे.