सोतीगंज

उत्तर प्रदेशातील मेरठ शहराच्या सदर बाजार भागातील वाहनांच्या जुन्या सुट्या भागांचा बाजार. चोरीच्या गाड्या सुट्या करून विकण्यासाठी तो कुप्रसिद्ध होता. दिल्ली सुमारे ७० किमी. अंतरावर असल्याने तिथला चोरीचा माल रातोरात इथे पोचे. चोरलेली गाडी अख्खी विकताना नोंदणीची कागदपत्रे, चॅसी व इंजिन क्रमांक आड येतात. दरवाजे, काचा, दिवे, गिअरबॉक्स यांवर मात्र सहसा मालकाची खूण नसते. कसबी कारागीर काही तासांत गाडी खोलत आणि क्रमांकाचा पत्रा कापून टाकत. मोडीत निघालेल्या गाडीचा क्रमांक चोरीच्या गाडीवर ठोकून ती कागदोपत्री ‘जिवंत’ ठेवण्याची युक्तीही या धंद्यातलीच. शेजारच्याच दुकानात भंगाराचा रीतसर व्यापार चाले, त्यामुळे खरा माल कोणता, चोरीचा कोणता हे ठरवणे अवघड. २०२१ मध्ये गँगस्टर कायद्याखाली बड्या भंगारवाल्यांच्या मालमत्ता जप्त झाल्या व डिसेंबरमध्ये बाजार बंद करण्यात आला. चोरीचा माल घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ (पूर्वी भारतीय दंड संहिता, कलम ४११) खाली गुन्हा आहे. पण माल चोरीचा असल्याचे घेणाऱ्याला ठाऊक होते किंवा तसे मानण्यास कारण होते, हे सिद्ध करावे लागते. अर्ध्या किमतीत आरसा बसवून घेणारा गाडीमालक तेवढी चौकशी क्वचितच करतो.