सेनापती बापट शिकले ते कॉलेज: एडिंबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठाची २०० वर्षांची गोष्ट

पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे, मुंबईत सेनापती बापट मार्ग आहे. या रस्त्यांवरून रोज हजारो लोक जातात. पांडुरंग महादेव बापट हे मूळचे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेरचे, हेही अनेकांना माहीत असतं. पण हे बापट इंजिनिअर होण्यासाठी परदेशात गेले होते आणि ज्या कॉलेजात त्यांनी नाव घातलं, ते पुढे युरोपातलं एक नावाजलेलं तंत्रविद्यापीठ झालं, हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

ते कॉलेज ना ऑक्सफर्डचं होतं, ना केंब्रिजचं. ते होतं स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा इथलं हेरियट-वॉट कॉलेज. आज ते हेरियट-वॉट विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. २०२१ मध्ये या संस्थेला २०० वर्षं पूर्ण झाली.

हे विद्यापीठ सुरू कसं झालं? त्याच्या नावातले हेरियट कोण आणि वॉट कोण? तिथे कोण कोण शिकलं? आणि पारनेरचा मुलगा तिथून इंजिनिअर न होता परत का आला? समजून घेऊया.

घड्याळजीच्या दुकानातला प्रश्न

गोष्ट सुरू होते १८२१ मध्ये. तेव्हा ब्रिटनमध्ये औद्योगिक क्रांती जोरात होती. कारखाने वाढत होते, यंत्रं रोज बदलत होती. पण ती यंत्रं बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कारागिरांना गणित किंवा रसायनशास्त्र शिकायची सोय नव्हती. विद्यापीठं होती, पण ती दिवसा भरत आणि तिथला खर्च कामगाराला परवडत नसे.

एडिंबरातले व्यापारी आणि भूगर्भशास्त्राचे अभ्यासक लेनर्ड हॉर्नर एकदा रॉबर्ट ब्रायसन या घड्याळजीच्या दुकानात गेले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, की या धंद्यातली तरुण मुलं गणित वगैरे शिकतात का? ब्रायसन यांच्या उत्तराचा मथितार्थ असा होता, की शिकायची इच्छा आहे, पण कामाच्या वेळा सांभाळून आणि परवडेल अशा फीमध्ये शिकवणारं कुणी नाही.

हॉर्नर यांनी ही गोष्ट मनावर घेतली. शहरातल्या सधन लोकांकडून वर्गणी गोळा केली. ऑक्टोबर १८२१ मध्ये 'स्कूल ऑफ आर्ट्स ऑफ एडिंबरा' सुरू झालं. नावात 'आर्ट्स' असलं तरी त्याचा चित्रकलेशी किंवा आजच्या आर्ट्स शाखेशी संबंध नव्हता. त्या काळात या शब्दाचा अर्थ कारागिरी, हुन्नर असाही होता. रसायनशास्त्र, यंत्रशास्त्र आणि गणित हे सुरुवातीचे मुख्य विषय होते. वर्ग संध्याकाळी भरत, म्हणजे दिवसभर हातोडा चालवलेला माणूस रात्री येऊन शिकू शकेल.

मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट म्हणजे काय?

कारागिरांना विज्ञान शिकवणाऱ्या अशा संस्थांना पुढे 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' असं नाव पडलं. एडिंबराची ही शाळा जगातली पहिली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट मानली जाते. १८२३ मध्ये लंडनमध्येही अशी संस्था निघाली आणि मग हे लोण ब्रिटिश साम्राज्यात सगळीकडे पसरलं.

ते मुंबईतही आलं. काळा घोडा परिसरातली डेव्हिड ससून लायब्ररी अनेकांनी पाहिली असेल. तिची सुरुवात १८४७ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तंत्रज्ञांनी काढलेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटपासून झाली. पुण्यात १८५४ मध्ये सरकारी बांधकामांसाठी माणसं तयार करायला इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. त्यातूनच आजचं सीओईपी उभं राहिलं. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय निघालं.

या संस्थांचे हेतू अर्थातच वेगवेगळे होते. पुण्याच्या वर्गाला सरकारसाठी हाताखालचे अधिकारी हवे होते. एडिंबराच्या शाळेला कारागिराच्या हातात ज्ञान द्यायचं होतं. पण शिकून तो मालकाविरुद्ध किंवा सरकारविरुद्ध बोलू लागेल, ही धास्तीही त्या काळी होतीच. म्हणून बहुतेक मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये राजकारणाची चर्चा वर्ज्य असे. हा मुद्दा लक्षात ठेवा, बापटांच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

वॉट कोण आणि हेरियट कोण?

घरातला बल्ब हातात घेऊन बघा. त्यावर ९ वॅट, १२ वॅट असं लिहिलेलं असतं. तो वॅट म्हणजेच जेम्स वॉट. १७३६ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक इथे त्यांचा जन्म झाला. ग्लासगो विद्यापीठात ते उपकरणं बनवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करत. तिथेच एका वाफेच्या इंजिनाच्या नमुन्यावर काम करताना त्यांना वाफ थंड करण्यासाठी वेगळं पात्र वापरण्याची कल्पना सुचली. १७६९ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. या एका बदलामुळे इंजिनाला लागणारा कोळसा खूप कमी झाला. वॉट यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, ते कारागीरच होते. त्यामुळे १८५२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ कारागिरांच्या या शाळेचं नाव 'वॉट इन्स्टिट्यूशन अँड स्कूल ऑफ आर्ट्स' असं झालं.

जॉर्ज हेरियट त्यांच्याही आधीचे. १५६३ ते १६२४ हा त्यांचा काळ. ते एडिंबरातले सोनार आणि राजा सहावा जेम्स याचे जवाहिरे. अमाप पैसा कमावलेल्या या माणसाने मरताना मोठी रक्कम शहरातल्या वडील नसलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. त्या पैशांचा ट्रस्ट पुढे शतकानुशतकं चालत राहिला.

१८७० च्या दशकात वॉट संस्थेला जागा बदलावी लागली आणि ती पैशांच्या अडचणीत आली. तेव्हा हेरियट ट्रस्टचा आधार मिळाला. १८८५ मध्ये दोन्ही नावं जोडून 'हेरियट-वॉट कॉलेज' झालं. एकानं दान केलं होतं, दुसऱ्यानं यंत्र सुधारलं होतं. दोघांची एकमेकांशी भेट होणं शक्यच नव्हतं, पण नावात ते कायमचे शेजारी झाले.

मुलींसाठी दार उघडलं ते १८६९ मध्ये

या संस्थेच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं नाव म्हणजे मेरी बर्टन. मुलींनाही मुलांच्या बरोबरीनं प्रवेश मिळावा, असा आग्रह त्यांनी धरला आणि १८६९ मध्ये वॉट संस्थेनं तो मान्य केला. पुढे १८७४ मध्ये मेरी बर्टन संस्थेच्या संचालक मंडळावर गेल्या. मंडळावरच्या त्या पहिल्या महिला होत्या.

याच १८६९ मध्ये शेजारच्या एडिंबरा विद्यापीठात सात तरुणींनी वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातलं होतं, पण त्यांना तिथे पदवी नाकारली गेली. स्कॉटलंडच्या विद्यापीठांची दारं मुलींना उघडायला १८९२ उजाडलं.

आपल्याकडे या काळात काय चाललं होतं? अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार १८३९ पासून नगरमध्ये राहून मुलींच्या शाळा चालवत होत्या. १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी नगरची ती शाळा पाहिली आणि त्याच वर्षी फुले दांपत्यानं पुण्यात मुलींची शाळा काढली. म्हणजे मुलींच्या शिक्षणाचा वाद एडिंबरात आणि नगर-पुण्यात जवळपास एकाच काळात सुरू होता.

कॉलेजचं विद्यापीठ कसं झालं?

विसाव्या शतकात हेरियट-वॉटमध्ये इंजिनिअरिंगचे विषय वाढत गेले. १९६६ मध्ये राजाज्ञेनं त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शहराच्या मध्यभागी जागा पुरेना, म्हणून शहराबाहेर रिकार्टन इथे नवा परिसर उभारायला सुरुवात झाली. १९९२ पर्यंत सगळं विद्यापीठ तिकडे हललं.

आज तिथे इंजिनिअरिंगबरोबरच पेट्रोलियम, वस्त्रोद्योग, विमाशास्त्र असे विषय शिकवले जातात. मद्यनिर्मिती आणि ऊर्ध्वपातन यांची पदवीही मिळते. स्कॉटलंडचा व्हिस्की उद्योग बघता यात नवल नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या असलेल्या नगर जिल्ह्यातल्या वाचकालाही हा विषय परका वाटू नये. २००५ मध्ये विद्यापीठानं दुबईत परिसर सुरू केला, नंतर मलेशियातही.

तिथे शिकलेले काही गाजलेले लोक

जेम्स नॅस्मिथ: शाळेच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. १८३९ मध्ये त्यांनी वाफेवर चालणाऱ्या प्रचंड हातोड्याचा आराखडा काढला. एका मोठ्या जहाजासाठी इतका जाड लोखंडी दांडा हवा होता, की माणसाच्या हातानं तो घडवणं शक्यच नव्हतं. नॅस्मिथ यांच्या 'स्टीम हॅमर'नं जड लोखंडकामाचं चित्रच बदललं.

हेन्री मॅक्लीश: इथे नियोजन हा विषय शिकले. २००० ते २००१ या काळात ते स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख होते.

अर्विन वेल्श: 'ट्रेनस्पॉटिंग' या कादंबरीचे लेखक. त्यांनी इथून एमबीए केलं.

ॲडम क्रोझिअर: इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन, रॉयल मेल आणि आयटीव्ही अशा तीन मोठ्या संस्थांचे ते प्रमुख राहिले.

आणि या यादीत आपल्याला एक नाव जोडायचं आहे.

पारनेरचे पांडुरंग बापट

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, पारनेरचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. मग त्यांना मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ मध्ये ते इंजिनिअरिंग शिकायला एडिंबराला गेले. हेरियट-वॉट कॉलेजात त्यांनी नाव घातलं.

तिकडे त्यांनी अभ्यासाबरोबर आणखी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे नेमबाजी शिकले. दुसरी म्हणजे ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानची काय अवस्था झाली आहे, यावर तिथल्याच लोकांसमोर उघडपणे बोलले. परिणाम व्हायचा तोच झाला. त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली.

पैसे थांबले आणि शिक्षणही. बापट लंडनच्या इंडिया हाउसमधल्या क्रांतिकारकांच्या संपर्कात आले. तिथून पॅरिसला जाऊन हेमचंद्र दास यांच्यासह ते एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्ब बनवण्याचं तंत्र शिकले. १९०८ मध्ये ते भारतात परतले, तेव्हा त्यांच्याकडे इंजिनिअरची पदवी नव्हती. अलीपूर बॉम्ब खटल्यानंतर त्यांना भूमिगत व्हावं लागलं. १९१२ मध्ये अटक झाली, पण पुराव्याअभावी १९१५ मध्ये सुटका झाली.

मुळशी: धरणासमोर उभा राहिलेला माणूस

बापट 'सेनापती' झाले ते यानंतर. पुण्याजवळ मुळशी पेट्यात टाटांच्या कंपनीचं धरण होत होतं. त्यातून वीज तयार होऊन मुंबईला जाणार होती आणि त्यासाठी मावळातली सुमारे पन्नास गावं आणि त्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि बापट त्याचे पुढारी झाले. १९२४ मध्ये धरणाच्या कामाची रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण मात्र झालंच.

भारतातल्या धरणग्रस्तांच्या लढ्यांचा इतिहास सांगताना आजही सुरुवात मुळशीपासून करतात. जेम्स वॉट यांच्या नावाच्या कॉलेजात यंत्रविद्या शिकायला गेलेला माणूस वीजनिर्मितीच्या धरणासमोर उभा राहिला, म्हणजे त्याला यंत्रं नको होती, असं समजणं घाईचं ठरेल. मुळशीतला प्रश्न साधा होता. वीज मुंबईची, नफा कंपनीचा, मग जमीन फक्त मावळ्यांनीच का द्यायची?

१९३१ मध्ये सुटल्यावरही बापट थांबले नाहीत. वयाच्या पंच्याहत्तरीत ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहातही उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्या जुन्या कॉलेजचं विद्यापीठ झालं होतं.

ही गोष्ट आज कशासाठी?

माजी विद्यार्थ्यांच्या याद्या साधारणपणे पदवी मिळवलेल्यांच्या आणि मोठ्या पदावर पोहोचलेल्यांच्या असतात. बापट या दोन्हींत बसत नाहीत. त्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं, कारण फी भरणाऱ्यांना त्यांचं बोलणं रुचलं नाही. परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्तीवर अवलंबून असलेल्या मुलांना ही भीती आजही कळू शकते.

दुसरी गोष्ट ब्रायसन यांच्या दुकानातली. बापटांच्या पारनेर तालुक्यात आज सुपा एमआयडीसी आहे. तिथे आयटीआय किंवा डिप्लोमा करून लागलेली अनेक मुलं शिफ्टमध्ये काम करतात. पुढे शिकायचं असेल तर त्यांच्यापुढेही अडचणी त्याच येतात, वेळ आणि फी. एडिंबरात १८२१ मध्ये कुणीतरी दुकानात उभं राहून या दोन अडचणींबद्दल विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. हेरियट-वॉट विद्यापीठाची सुरुवात तिथून झाली.