जर्सी, मोजे आणि कोमट पाणी

लेहमधला माझा पहिला हिवाळा. बुखारीवर पाणी कढत ठेवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि जर्सी खसाखसा घासली. गावी सुती कपडे असेच धुतात. वाळल्यावर ती आठ वर्षांच्या पोराला बसेल एवढी झाली. उस्तादांनी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "जवान, तूने तो नमदा बना दिया."

बरोबरच होतं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, मग सुटत नाहीत. काश्मीरचे कारागीर लोकरीचा नमदा याच गुणावर करतात. जर्सीचा मात्र त्यात सत्यानाश होतो.

त्या रात्री उस्तादांनी माझे मोजेही तपासले. तेव्हा राग आला होता. पुढे इतिहास वाचला, तेव्हा कारण समजलं.

सप्टेंबर १९१४ मध्ये आपलं सैन्य फ्रान्समध्ये मार्सेयला उतरलं, ते उन्हाळी खाकीत. त्यात खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबरला त्यांनी ४७ शीख पलटणीसोबत न्यूव्ह शापेलवर चढाई केली. मग थंडी आली आणि खंदकांत पाणी भरलं. गरम कपडे पोचले, पण ओल्या मोज्यांत आणि पट्ट्यांत दिवसचे दिवस राहिलेले पाय सुजू लागले, बधिर झाले, सडले. यालाच 'ट्रेंच फूट' म्हणतात. शेवटी उपाय ठरला तो साधा: बूट काढा, पाय पुसा, व्हेलचं तेल चोळा, कोरडे मोजे घाला. ते होतंय की नाही, हे पाहणं अधिकाऱ्याचं काम.

१९६२ मध्ये तर लोकरच पुरेशी नव्हती. नामका चू नदीवर ब्रिगेडियर जॉन दळवींच्या ७ इन्फंट्री ब्रिगेडचे कितीतरी जवान सुती वर्दीत आणि एकेका कांबळ्यावर उभे होते. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला, तो अशा गारठलेल्या माणसांवर.

म्हणून लोकर जपणं ही नुसती टापटीप नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. तंतूंमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. घाम आणि मळ साचला की ती जागा बुजते.

उस्तादांची रीत अशी. रिठे रात्री भिजत घालून सकाळी गाळून घ्यायचे. पाणी कोमट, हाताला जेमतेम जाणवेल इतकं. जर्सी बुडवून हलके दाबायची, चोळायची नाही. खळबळायचं पाणीही तेवढंच कोमट. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने ताणते, म्हणून सावलीत आडवी पसरायची. उन्हाळ्यात ट्रंकेत ठेवताना आधी धुऊन पूर्ण वाळवायची, कारण कसर आधी मळक्या लोकरीला लागते.

आता घरात रिठ्याचं पाणी मीच करतो. बायको हसते. ती नमदा झालेली जर्सी मात्र अजून ट्रंकेत आहे. नवा जवान भेटायला आला की ती दाखवतो, आणि मग त्याचे मोजे विचारतो.

जय हिंद.