आमचें वसई रोड स्टेशन : त्याचा इतिहास व त्याची सेवा

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या स्मरणिकेंत आगगाडीच्या स्टेशनावर लेख कशासाठीं, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर सोपें आहे. आपल्या बहुतेक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांची भाकरी या स्टेशनाशीं बांधलेली आहे. वसईच्या किल्ल्याचा व देवळांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला. परंतु ज्या फलाटावर आपले वाडवडील भाजीच्या पाट्या घेऊन उभे राहिले, त्याचा वृत्तांत क्वचितच कोणी सांगतो. म्हणून तो येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नांवाविषयीं. रेल्वेच्या परिभाषेंत गांवाच्या नांवापुढें 'रोड' हा शब्द आला म्हणजे मूळ गांव रुळांपासून दूर असून तेथें रस्त्यानें जावें लागतें, असें समजावें. पोर्तुगीजांकडे १५३४ सालीं गेलेली व १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं जिंकून घेतलेली वसई समुद्राच्या कांठीं आहे. स्टेशन किल्ल्यापासून सुमारें सहा-सात किलोमीटर आंत, नवघर व माणिकपूर या गांवांच्या शिवारांत वसलें. इंग्रजी अमदानींत त्याला 'बेसीन रोड' म्हणत. ज्या काळीं आगगाडी आली त्या काळीं तेथें शहर नव्हतें; शेतें, वाड्या व मिठागरें हाच त्या प्रदेशाचा देखावा होता.

हा लोहमार्ग बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीनें बांधिला. कंपनीची स्थापना १८५५ सालीं झाली व तिचा पहिला टप्पा १८६० सालीं गुजराथेंत, अंकलेश्वरापासून उतराणपर्यंत, खुला झाला. तेथून रूळ दक्षिणेकडे उतरत आले आणि २८ नोव्हेंबर १८६४ रोजीं मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोंचले. म्हणजे ज्या गाडीला आपण मुंबईची गाडी म्हणतों, ती मुंबईहून आपल्याकडे आलेली नाहीं; ती गुजराथेंतून निघून आपल्या शिवारांतून मुंबईस गेली. वाटेंत वसईची रुंद खाडी आडवी होती. खाडीच्या मध्यें पाणजू बेट आहे. त्याच्या दोन्ही अंगांस पूल टाकून रूळ भाईंदरच्या तीरास नेले. त्यापूर्वीं वसईकरास मुंबई गांठावयाची तर शिडाच्या होडीचा आसरा होता आणि ती वारा व भरती यांच्या मर्जीनें चाले. पुलामुळें ही ताबेदारी संपली.

१२ एप्रिल १८६७ रोजीं विरार ते बॅकबे अशी रोजची एक गाडी जाण्यास व एक येण्यास सुरू झाली. पश्चिमेकडील लोकल सेवेचा आरंभ तो हाच. आज ज्या मार्गावर मिनिटामिनिटाला गाडी धांवते, तेथें दिवसांतून एक गाडी हीच मोठी सोय वाटे.

आरंभीं या स्टेशनानें माणसांपेक्षां मालाची सेवा अधिक केली, असें म्हणावयास हरकत नाहीं. वसईची जमीन सुपीक, विहिरींना गोडें पाणी आणि मुंबईसारखी भुकेली बाजारपेठ हाताशीं. केळीं व सुकेळीं, नागवेलीचीं पानें, वांगीं व पालेभाजी, मोगरा व चाफा, आणि गोठ्यांतील दूध, हें सारें आगगाडीनें मुंबईस जाऊं लागलें. पहांटे अंधारांत पाटी डोक्यावर घेऊन निघालेली बाई मालडब्यांत शिरावयाची, दादरच्या बाजारांत माल विकावयाची आणि उन्हें चढतां चढतां घरीं परतावयाची. दूधवाल्यांचा क्रमहि असाच. या कष्टांवर मुलें शिकलीं, घरांवर कौलें चढलीं आणि देवळांच्या जीर्णोद्धाराच्या वर्गण्या भरल्या गेल्या. ज्यांच्या पैशांनीं आपलीं देवळें उभीं आहेत त्यांची नांवें संगमरवरावर नाहींत. तीं या फलाटाला मात्र ठाऊक होतीं.

पुढें विजेचा काळ आला. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धांवूं लागली, आणि १९३६ सालीं वीज विरारपर्यंत आली. तेव्हांपासून वसईच्या तरुणांस मुंबईंत नोकरी करून रात्रीं आपल्या घरीं निजणें शक्य झालें. पाटीच्या जोडीला मासिक पास आला. कारकून, शिक्षक, परिचारिका, कारखान्यांतील कामगार यांचा नवा वर्ग निर्माण झाला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं जुनी कंपनी जाऊन पश्चिम रेल्वे अस्तित्वांत आली. पाटी फळ्यावर बदलली, फलाटावरील गर्दी तीच राहिली.

त्यानंतर प्रवाहाची दिशा पालटली. ज्या रुळांनीं आपला माल मुंबईस नेला, त्याच रुळांनीं मुंबईची वस्ती आपल्याकडे आणिली. शहरांत जागा न परवडणारे लोक येथें घरें घेऊं लागले. मळ्यांच्या जागीं इमारती आल्या, विहिरींचें पाणी खालीं गेलें आणि नळाच्या पाण्यासाठीं दूरच्या सूर्या धरणाकडे पाहण्याची वेळ आली. २००९ सालीं चार नगरपरिषदा व अनेक गांवें मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत तिची लोकसंख्या १२ लाखांवर भरली. एके काळीं गांवाबाहेर असलेलें स्टेशन आज शहराचें मध्य झालें आहे. नव्यानें आलेल्यांस आम्ही दोष देत नाहीं. तेहि पोटासाठींच आले आहेत, जसे आपले आजोबा पोटासाठीं दादरला जात.

रेल्वेनेंहि कालानुसार सोयी वाढविल्या, हें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे. १९९२ सालीं चर्चगेट व बोरिवली यांच्यामध्यें केवळ स्त्रियांसाठीं गाडी सुरू झाली व पुढें ती विरारपर्यंत आली. या शतकाच्या पहिल्या दशकांत बोरिवलीच्या उत्तरेस दोनांचे चार रूळ झाले. २००९ सालीं पंधरा डब्यांची गाडी धांवूं लागली. २०१३ सालीं लोकल डहाणूपर्यंत गेली. आणि २०१७ सालीं नेमक्या नाताळच्या दिवशीं पश्चिम रेल्वेवर वातानुकूलित लोकलचा आरंभ झाला. शिवाय आपलें स्टेशन जंक्शन आहे. येथून कामण व भिवंडीवरून दिव्यास जाणारा फांटा मध्य रेल्वेस मिळतो. २०२४ सालच्या ऑगस्टांत वांद्रें टर्मिनसहून मडगांवास जाणारी गाडी वसई रोडवरून सुरू झाली, त्यामुळें कोंकण व गोमंतक येथील आप्तांकडे जाणें अनेकांस सुकर झालें.

तथापि या सेवेचें मोल आपण कोणत्या नाण्यांत देतों, हेंहि सांगणें आमचें कर्तव्य आहे. चर्चगेट येथून सुमारें ५२ किलोमीटर. रोज जाऊन-येऊन तीन तास प्रवासांतच जातात. पहांटेच्या मिस्सेस येणारे कित्येक जण शेवटचा आशीर्वाद मिळतांच स्टेशनाकडे धांव घेतात. याहून जड मोल आहे तें प्राणांचें. मुंबईच्या लोकल मार्गांवर २०२३ या एका सालीं अडीच हजारांहून अधिक माणसें मृत्यू पावलीं. त्यांत रूळ ओलांडतांना गेलेले सर्वांत अधिक, आणि दारांतून पडून गेलेलेहि पुष्कळ. अशा घरीं सांत्वनासाठीं जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला आहे. जेवणाचा डबा परत येतो, माणूस येत नाहीं. त्या घरांतील आईपुढें शब्द सुचत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

म्हणून तरुण वाचकांस आमची कळकळीची विनंती आहे. पुलाच्या चाळीस पायऱ्या चढण्यास दोन मिनिटें लागतात; तीं वांचवूं नका. सुटलेल्या गाडीमागें धांवूं नका. भाजीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईस हात द्या. तिच्याच पिढीनें आपल्याला येथवर आणिलें. आणि घरांत कोणी जुनें माणूस असेल, तर कोणत्या गाडीनें जात, माल कोठें उतरवीत, किती पैसे मिळत, हें त्यांना विचारून लिहून ठेवा. किल्ल्याचे दगड उद्यांहि राहतील. या आठवणी मात्र माणसांबरोबर जातात.