हातोडा शोधताना सापडलेला इतिहास
१६ नोव्हेंबर १९९२. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉक्सन गावी एरिक लॉज हे शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा धातुशोधक यंत्राने शोधत होते. हाती आली रोमन काळातील नाणी. थोडे उकरताच त्यांनी हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळविले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी वस्तूंच्या जागा नोंदवीत उत्खनन केले. सोन्याचांदीची सुमारे १५,००० नाणी मिळाली. लाकडी पेटी केव्हाच कुजली होती. तरी वस्तूंच्या मांडणीवरून तिचा आकार उलगडला. सारे घाईने उपसले असते, तर सोने उरले असते, पेटी मात्र कायमची हरवली असती. नाणे काळ सांगते. ते कुठे, कशाशेजारी होते, हे केवळ नोंदच सांगते.

हातोडाही सापडला. आज तो ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.