काँक्रीट मलवाहिन्यांचे क्षरण

काँक्रीट मलवाहिन्यांचे क्षरण म्हणजे भुयारी गटारांच्या काँक्रीट नळांची जीवाणूजन्य आम्लामुळे आतून होणारी झीज. ही झीज सांडपाण्यात बुडालेल्या तळापेक्षा पाण्याच्या पातळीवरील छताला अधिक होते. त्यामुळे रस्ता खचेपर्यंत ती बहुधा ध्यानात येत नाही.

प्रक्रिया

संथ वाहणाऱ्या मैलापाण्यातील प्राणवायू संपला की नळाला चिकटलेल्या बुळबुळीत थरातील जीवाणू सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू वर येऊन ओलसर छतावर विरघळतो. तेथील वेगळे जीवाणू हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनवतात. हा जीवाणूंचा सहभाग सी. डी. पार्कर यांनी १९४५ मध्ये मेलबर्न येथे दाखवून दिला. नव्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो. झिजलेल्या पृष्ठभागावर तो १ ते २ पर्यंत उतरू शकतो. सिमेंटचे जिप्सममध्ये रूपांतर होऊन काँक्रीट पांढऱ्या लगद्यासारखे होते आणि पुढे सळया उघड्या पडून गंजतात. प्रतिकूल स्थितीत वर्षाला काही मिलिमीटर जाडी नष्ट होते. उष्ण हवामानात हा वेग वाढतो.

नाशिकमधील संदर्भ

सांडपाणी उताराने वाहून न्यायचे असल्याने मुख्य मलवाहिन्या साहजिकच नदी-नाल्यांच्या खोऱ्यांकडे जातात. नाशिकमध्ये गोदावरीला नासर्डी (नंदिनी) व वाघाडी या उपनद्या मिळतात. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी व पंचक येथे महानगरपालिकेची मलनिस्सारण केंद्रे आहेत. अशा ठिकाणी नळ फुटल्यास प्रक्रिया न झालेले मैलापाणी थेट नदीत मिसळते. दर १२ वर्षांनी सिंहस्थात, अलीकडे २०१५ मध्ये, लाखो भाविक ज्या नदीत स्नान करतात, तिच्यासाठी ही बाब किरकोळ नाही. ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मध्ये आले तसे पूर धोका वाढवतात: कमकुवत नळात भेगांवाटे पाणी व माती शिरते, वर पोकळी तयार होते आणि रस्ता खचतो.

चुनखडीची खडी वापरलेल्या काँक्रीटमध्ये आम्लाचा काही भाग खडीवरच खर्ची पडतो व सिमेंट अधिक काळ टिकते. नाशिक परिसरातील खडी मात्र बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची असते. तिच्यापासून हे संरक्षण मिळत नाही.

तपासणी व उपाय

हाच वायू मलवाहिनीत उतरणाऱ्या कामगारांसाठी प्राणघातक ठरतो. सुरक्षासाधनांविना गटारात उतरवून सफाई करून घेण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तपासणीसाठी नळातून कॅमेरा फिरवला जातो. नव्या कामात मैला साचू नये इतका, साधारणतः सेकंदाला ०.६ मीटर, वेग मिळेल असा उतार ठेवतात आणि प्लॅस्टिकचे अस्तर असलेले किंवा एचडीपीई नळ वापरतात. जुन्या नळांत आतून अस्तर बसवता येते, परंतु छताचे काँक्रीट पुरेसे शिल्लक असेपर्यंतच ते सोयीचे असते.