तळटीप : राजा जेम्स आणि बकिंगहॅम

१. बायबलचे १६११चे इंग्रजी भाषांतर ज्याच्या नावाने ओळखले जाते, तोच हा इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा जेम्स. डेन्मार्कच्या ॲनशी १५८९मध्ये विवाह. तिच्यापासून सात मुले. उतारवयात त्याचा जीव जडला तो जॉर्ज व्हिलियर्स या तरुणावर. त्याला राजाने १६२३मध्ये बकिंगहॅमचा ड्यूक केले. त्याच वर्षाअखेरच्या पत्रात जेम्स त्याला आपले लेकरू आणि पत्नी म्हणतो, स्वतःला त्याचा बाप व नवरा म्हणवतो. ही निव्वळ दरबारी लाघवाची भाषा, असे काही अभ्यासक मानतात. प्रस्तुत संपादकाला ते पटत नाही. मात्र थोरल्या मुलासाठी लिहिलेल्या ‘बॅसिलिकॉन डोरॉन’मध्ये याच राजाने पुरुषांतील समागम अक्षम्य गुन्ह्यांत मोजला आहे.